कोर्टासाठी घरी बसून ट्रान्स्क्रिप्ट : टायपिंग क्लासपासून साक्षीच्या पिंजऱ्यापर्यंत

फोनवरचं बोलणं, जमिनीच्या सौद्याची बैठक, सोसायटीच्या सभेतली बाचाबाची असं काय काय मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून पक्षकार वकिलाकडे येतात. ते कोर्टात दाखल करायचं तर सोबत लेखी ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे त्यातल्या बोलण्याचा शब्दशः मजकूर, जोडावं लागतं. ते मी घरी बसून करून देते. २०२४ च्या सुरुवातीला या कामाची माहिती शोधत होते, तेव्हा जे सापडलं ते सगळं अमेरिकेतल्या कोर्टांचं होतं: पंचवीस ओळींची पानं, रेकॉर्डिंग थांबवायचं-चालवायचं पायातलं पेडल, तिकडच्या परीक्षा. आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या कोर्टात हे कसं चालतं, पैसे कोण देतं, सही कोणाची लागते, हे मराठीत कुठं मिळालं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी बरीच वर्षं एका वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट होते. सासूबाईंना पक्षाघात झाला आणि डिसेंबर २०२३ मध्ये नोकरी सोडली. घरात बसून जमेल असं काम हवं होतं, आणि मला येत होतं ते एवढंच: दावे, कैफियती, अर्ज टाइप करणं.

जानेवारीत पहिली गोष्ट केली ती टायपिंगच्या क्लासला नाव घालण्याची. इंग्रजी ४० (मिनिटाला ४० शब्द) कॉलेजात असतानाच झालं होतं, तेही खडखड वाजणाऱ्या मशीनवर. मराठीत ऑफिसात हात बसला होता, पण कागद नव्हता. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची जीसीसी-टीबीसी म्हणजे संगणक टंकलेखनाची परीक्षा असते, त्यातलं मराठी ३०. सत्र सहा महिन्यांचं, फी मला परीक्षा शुल्कासकट साडेपाच हजारांच्या आसपास पडली. परीक्षेत नुसता वेग नसतो. वस्तुनिष्ठ प्रश्न, ई-मेल, पत्र, तक्ता आणि मग गतीचा उतारा. माझ्या बाजूला बारावी झालेली मुलं होती आणि त्यांची बोटं माझ्यापेक्षा फार पुढं होती. निकालाला इतका वेळ लागला की मी तो बघायचंच सोडून दिलं होतं. हे प्रमाणपत्र पुढं एकाही वकिलानं काम देताना मागितलं नाही. मागितलं ते दुसऱ्याच कोणी, ते पुढं येईल.

काम खऱ्या अर्थानं सुरू झालं ते नव्या कायद्यामुळं. १ जुलै २०२४ पासून १८७२ चा पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायचं, जुन्या कायद्यातल्या कलमाचं '६५ब चं प्रमाणपत्र' वकिलांच्या तोंडात बसलं होतं. ते सक्तीचं आहे हे सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२० मध्ये अर्जुन खोतकर यांच्या प्रकरणात स्पष्ट केलं होतं. ते प्रकरण आपल्या जालन्याच्या विधानसभा निवडणुकीचं. मूळ यंत्रच मालकानं कोर्टात आणून सिद्ध केलं तर प्रमाणपत्र लागत नाही, पण बहुतेकदा कोर्टात येते ती प्रत. नव्या कायद्यात हे कलम ६३ झालं, प्रमाणपत्राचा नमुना अनुसूचीत ठरवून दिला, त्याचे भाग अ आणि भाग ब असे दोन भाग केले, आणि त्यात 'हॅश व्हॅल्यू' भरायला सांगितलं. भाग अ रेकॉर्डिंग ज्याच्या ताब्यात त्यानं भरायचा, भाग ब तज्ज्ञानं.

त्या महिन्यात माझ्या जुन्या साहेबांचा फोन आला. "ताई, तुम्हाला कॉम्प्युटरचं जमतंय. हे हॅशचं काय प्रकरण हाय, बघा की जरा."

बघितलं. हॅश म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणितानं निघणारा एक ठसा. एसएचए-२५६ प्रकारात तो ६४ अक्षर-अंकांचा असतो. फाइलचं नाव बदललं तर हॅश बदलत नाही. पण आतला एक सेकंद कापला, आवाज थोडा वाढवून पुन्हा सेव्ह केला, तर पूर्ण वेगळा येतो. विंडोजमध्येच तो काढायची आज्ञा असते, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. मी साहेबांना तो काढून दाखवला. मग त्यांनी विचारलं, भाग ब वर तज्ज्ञ म्हणून सही कराल का? मी नाही म्हटलं. त्या दिवसांत 'तज्ज्ञ' कोणाला म्हणायचं यावर वकिलांमध्येच एकमत नव्हतं, आणि टायपिंगच्या प्रमाणपत्रावर मी स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घेणं शोभलं नसतं. ते म्हणाले, बरं मग, ट्रान्स्क्रिप्ट तरी करून द्या. जमिनीच्या इसाराचं, म्हणजे सौदा ठरवताना द्यायच्या आगाऊ रकमेच्या बोलण्याचं, बावीस मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं. ते माझं पहिलं काम.

टायपिस्टला वाटतं, ऐकायचं आणि बडवायचं. वेग आहेच हाताला. प्रत्यक्षात त्या बावीस मिनिटांना दोन दिवस गेले. एरवी स्वच्छ आवाजाच्या एका मिनिटाला मला आजही सहा-सात मिनिटं लागतात. एस.टी. स्टँडवरचं किंवा खिशातल्या फोनमधलं रेकॉर्डिंग असेल तर पंधराही. दोघं एकदम बोलतात, मधे कुकरची शिट्टी होते, कोणीतरी लांबून ओरडतं. त्यात आपल्याकडची भाषा: एक वाक्य मराठी, अर्धं हिंदी, आकडे इंग्रजीत.

तेव्हापासून मांडणी साधारण अशी ठेवली आहे. सगळं एका तक्त्यात. पहिल्या रकान्यात अनुक्रमांक, दुसऱ्यात रेकॉर्डिंगमधली वेळ, तिसऱ्यात बोलणारा, चौथ्यात शब्द. वरती फाइलचं नाव, लांबी, हॅश, आणि ती मला कशातून आणि कोणाकडून मिळाली ते. वेळेचा रकाना कधीच गाळायचा नाही. न्यायाधीशांसमोर रेकॉर्डिंग वाजवलं जातं तेव्हा वकिलाला नेमक्या ठिकाणी जाता यायला हवं.

बोलणाऱ्याच्या रकान्यात मी नाव लिहीत नाही. 'पुरुष आवाज १', 'स्त्री आवाज १' एवढंच. हा धडा साहेबांचा. आवाज कोणाचा आहे, हे सिद्ध करणं पक्षकाराचं काम. फारच वाद झाला तर नमुने कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी जातात. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७२ च्या निकालापासून हेच चालत आलंय: संभाषण विषयाशी संबंधित हवं, आवाजाची ओळख पटायला हवी, आणि रेकॉर्डिंगमध्ये फेरफार नाही हे दिसायला हवं. त्यात ओळख पटवणं माझ्याकडं येतच नाही. रेकॉर्डिंगमध्ये कोणी "काय पाटील" अशी हाक मारली तर तो शब्द चौथ्या रकान्यात येतो, तिसऱ्यात नाही.

भाषा सुधारायची नाही, हे सगळ्यात जड जातं. ऑफिसात माझं कामच साहेबांची वाक्यं नीट करण्याचं होतं. इथं 'न्हाई' म्हटलं तर 'न्हाई', 'अं... म्हणजे... ते' म्हटलं तर तेवढं सगळं. शिव्या पूर्ण, फुल्या न मारता. नीट ऐकू आलं नाही तर 'अस्पष्ट' लिहून कंसात किती सेकंद ते. सुरुवातीला दहाव्यांदा ऐकून 'असेल बहुतेक' म्हणत शब्द टाकायचा मोह व्हायचा. आता नियम केलाय: तीनदा वेगवेगळ्या वेळी ऐकून एकच शब्द ऐकू आला तरच तो लिहायचा. संदर्भावरून ओळखलेला शब्द आणि कानानं ऐकलेला शब्द यातला फरक मी स्वतःशी अगदी कडक ठेवते. इसाराची रक्कम 'सहा' की 'दहा' यावर अख्खा दावा उभा असू शकतो.

सामानाची चौकशी बरेच जण करतात. जुना लॅपटॉप चोवीस हजारांना घेतला, कान पूर्ण झाकणारा वायरचा हेडफोन अठ्ठावीसशेला. पेडल घेतलं नाही. ओट्रान्स्क्राइब हे ब्राउझरमध्ये चालणारं मोफत साधन पुरतं. त्यात थांबवणं, मागं नेणं, वेग कमी करणं सगळं कीबोर्डवरून होतं आणि आवाजाची फाइल आपल्या कॉम्प्युटरबाहेर जात नाही. आवाज फारच दबका असेल तर ऑडॅसिटी या आवाज कमी-जास्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ऐकण्यापुरती वेगळी प्रत करते आणि तसं ट्रान्स्क्रिप्टच्या खाली नोंदवते. मूळ प्रतीला हात लावत नाही. पक्षकारांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते: रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर इकडून तिकडं फिरवू नका, पेनड्राइव्हवर वकिलाकडं द्या. आणि ज्या फोनमध्ये ते मुळात रेकॉर्ड झालं, तो विकू नका, फॉरमॅट मारू नका.

फॉन्टचा त्रास वेगळा. वकिलांचे जुने मसुदे श्रीलिपीत नाहीतर आयएसएमच्या फॉन्टात असतात. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडले की सगळी अक्षरं विस्कटतात. मी युनिकोडमध्ये टाइप करते आणि पीडीएफच पाठवते. कोणी वर्ड फाइल मागितली तर देते, पण दाखल करायची ती सही केलेली पीडीएफच, असं ई-मेलमध्ये लिहून ठेवते.

दर ठरवायला मला फार संकोच वाटला. कोर्टाबाहेरचे टायपिस्ट पानावर पैसे घेतात. तसं केलं तर मार खायचा, कारण एका पानामागं दोन तासही जातात. म्हणून रेकॉर्डिंगच्या मिनिटावर दर लावला. सुरुवातीला मिनिटाला पंचवीस रुपये, आता चाळीस, फार खराब आवाज असेल तर साठ. आधी पाच मिनिटं ऐकते, मगच आकडा सांगते. पैसे वकिलांच्या ऑफिसकडून येतात आणि उशिरा येतात. दोन-तीन महिने धरून चालायचं. आता निम्मे आगाऊ घेते, बाहेरगावच्या वकिलांकडून पूर्ण.

कागदपत्रांचं म्हणाल तर छोट्या व्यवसायांची उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाइन मोफत होते. ती करून देतो म्हणून दोन हजार मागणारे भेटतील, देऊ नका. पुण्याच्या एका फर्मनं बिलातून १० टक्के टीडीएस कापला तेव्हा मी घाबरले होते. तो पैसा बुडत नाही. २६एएस या पॅनवरच्या कराच्या विवरणात तो दिसला आणि रिटर्न भरल्यावर परत मिळाला. माझ्या सीएंनी हे काम प्राप्तिकराच्या ४४एडी, म्हणजे छोट्या धंद्यांच्या कलमाखाली दाखवलं. वकील-डॉक्टर वगैरे ठरावीक व्यवसायांसाठी असलेलं ४४एडीए लागू नाही म्हणाले. २०२५ ला रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून सप्टेंबरपर्यंत वाढली होती, त्यामुळं परताव्याचीही वाट बघावी लागली.

गोपनीयतेचा करार मात्र पहिल्यापासून करा. मी ऑक्टोबर २०२४ मध्ये करायला गेले तर शंभराचा स्टँप चालेना. त्याच महिन्यात राज्य सरकारनं शंभराच्या जागी पाचशे केले होते. पाचशे तर पाचशे. करारात लिहिलंय की फाइल माझ्याच कॉम्प्युटरवर, कुलूपबंद फोल्डरमध्ये राहील, काम दिल्यावर तीस दिवसांनी मी ती काढून टाकीन आणि तसं लेखी कळवीन. घरातून काम करताना याचा दुसरा अर्थही असतो. हेडफोनशिवाय एक वाक्य वाजवायचं नाही, आणि जेवताना "आज काय होतं गं?" या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही. कोल्हापूर केवढंसं. कोणाच्या ना कोणाच्या ओळखीतलं प्रकरण निघतंच.

मशीननं होत नाही का, हे मला भाचा अजून विचारतो. सर्वोच्च न्यायालयानं २१ फेब्रुवारी २०२३ ला घटनापीठासमोरच्या सुनावणीचं एआयनं थेट ट्रान्स्क्रिप्ट करायला सुरुवात केली. सुनावणी आपल्याच राज्यातल्या सत्तासंघर्षाची होती. पण तिथं एकेक वकील माइकसमोर इंग्रजीत बोलतो, आणि तिथलाही मजकूर वकिलांकडून तपासून घेण्याची सोय ठेवलेली होती. मी व्हिस्पर हे बोलण्याचा मजकूर करणारं एआय मॉडेल भाच्याकडून माझ्या लॅपटॉपवर, इंटरनेट बंद ठेवून चालवून बघितलं. गावाकडची मराठी त्यानं पुस्तकी करून टाकली, दोन ठिकाणी 'न्हाई' गिळलं, आणि जिथं नुसती शांतता होती तिथं एक वाक्य स्वतःच्या मनानं घातलं. इंग्रजी बैठकांचा कच्चा मसुदा काढायला ठीक. फुकटच्या वेबसाइटवर पक्षकाराचं रेकॉर्डिंग चढवणं मात्र सरळ करारभंग आहे.

१४ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की नवरा-बायकोंच्या वादात एकानं दुसऱ्याला न सांगता केलेलं फोन रेकॉर्डिंग पुरावा म्हणून घेता येतं. त्या आठवड्यापासून माझा फोन थांबेना. वकील कमी, पक्षकारच जास्त. एक गृहस्थ म्हणाले, "वहिनी, तिचं सगळं लिहा, माझ्या शिव्या तेवढ्या वगळा. डबल पैसे देतो." त्यानंतर मी थेट पक्षकाराकडून काम घेणं बंद केलं. वकिलामार्फत आलं तरच, आणि पूर्ण फाइलचंच. निवडक तुकडे हवे असतील तर आधी पूर्ण करून मग वकिलांनी त्यातले परिच्छेद दाखवावेत. पोक्सोची, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची प्रकरणं घेत नाही. मुलाची ओळख कुठंही फुटता कामा नये, असा कायदा आहे, आणि माझं घर म्हणजे दोन खोल्या. शिवाय, खरं सांगायचं तर, मला ते ऐकवत नाही.

ऐकवत नाही असं इतर कामांतही असतं. घटस्फोटाच्या प्रकरणातलं तासाभराचं भांडण म्हणजे ते सलग चार-पाच दिवस आपल्या कानात चालू राहतं, तेही तुकड्यातुकड्यानं, मागं-पुढं करत. त्या ऑगस्टमध्ये मी घरात विनाकारण चिडचिड करत होते. कारण माझ्याआधी सासूबाईंच्या लक्षात आलं. बोलायला त्यांना त्रास होतो. त्यांनी हेडफोनकडं बोट दाखवलं आणि हात हलवला. तेव्हापासून अशी फाइल सकाळीच, दोन तास, त्यापुढं नाही. दुपारी कंपन्यांच्या बैठका नाहीतर लवादाच्या सुनावण्या. त्या कंटाळवाण्या असतात आणि दरही तोच मिळतो.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि कामाचा प्रकार थोडा बदलला. जिल्हा कोर्टात मराठी चालतं, तिथं इंग्रजी लागतं. मग मराठी ट्रान्स्क्रिप्टशेजारी पाचवा रकाना आला, इंग्रजी भाषांतराचा. तो मी कच्चा भरते. तपासून सही करायचं काम वकील करतात.

आणि मग डिसेंबरात समन्स आलं.

पहिल्याच कामाचं, त्या इसाराच्या दाव्यातलं. प्रतिवादीनं ट्रान्स्क्रिप्टच नाकारलं होतं, म्हणून ते ज्यानं केलं त्याला साक्षीला बोलवा असं झालं. बेलिफ दारात आला तेव्हा शेजारच्या काकू गॅलरीत होत्या. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. इतकी वर्षं कोर्टाचे कागद टाइप केले, पण साक्षी समन्स स्वतःच्या नावाचं बघून हात गार पडले. साहेबांनी समजावलं: यात गुन्हा वगैरे काही नाही, सरतपासणी, म्हणजे आपल्या बाजूनं द्यायची साक्ष, प्रतिज्ञापत्रावर होते, आपण ते लिहू, पिंजऱ्यात फक्त समोरच्या वकिलांची उलटतपासणी होईल. पहिल्या तारखेला कसबा बावड्याच्या जिल्हा कोर्टात दिवसभर बसून परत आले, समोरचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकले होते. पुढची तारीख जानेवारीची. जाताना डबा, पाणी, समन्स, आधार कार्ड आणि ट्रान्स्क्रिप्टची स्वतःची प्रत न्या. मूळ निशाणी, म्हणजे पुरावा म्हणून नंबर पडलेला कागद, कोर्टाच्या फाइलीतच असते, पण आदल्या रात्री वाचून जायला आपली प्रत हवी.

शपथ झाली. समोरच्या वकिलांनी पहिलाच प्रश्न टाकला: मराठी टायपिंगचं प्रमाणपत्र आहे का? होतं. पिशवीतही होतं. मग एकेक आलं.

"तुम्ही आवाजतज्ज्ञ आहात?"

"नाही."

"मूळ फोन तुम्ही पाहिला?"

"नाही. मला पेनड्राइव्हमधली प्रत मिळाली. तिचा हॅश पहिल्या पानावर आहे."

"मग हे बोलणं माझ्या अशिलाचं आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

"मी तसं लिहिलेलं नाही. पुरुष आवाज १ आणि २ असं लिहिलंय."

ते क्षणभर कागद चाळत राहिले. मग नेहमीचं: वादीच्या सांगण्यावरून मी सोयीचा मजकूर घातला, खोटी साक्ष देत आहे. "हे म्हणणे खरे नाही" असं मी दोन्हींना म्हटलं. ही वाक्यं मी ऑफिसात शेकड्यांनी टाइप केली होती, तरी स्वतःला उद्देशून ऐकताना चेहरा तापला. बाहेर आल्यावर तेच वकील चहाच्या गाड्यावर भेटले आणि हसून म्हणाले, "ताई, मनावर घेऊ नका, विचारावं लागतं." जाता जाता कार्ड मागितलं. माझ्याकडं कार्ड नव्हतं, नंबर दिला.

साक्ष टाइप झाल्यावर वाचायला देतात, तेव्हा घाई करू नका. 'सात' चे 'साठ' झालेले मी तिथंच दुरुस्त करून घेतले, मगच प्रत्येक पानावर सही केली.

त्या दाव्याचा निकाल अजून लागायचा आहे. माझ्या करारात मात्र एक कलम वाढलंय: साक्षीला यायचं तर कोर्टाच्या समन्सवरच, भत्ता कोर्टात भरायचा, आणि ट्रान्स्क्रिप्टची एक सही केलेली प्रत दाव्याचा निकाल लागेपर्यंत माझ्याकडं राहील. आवाजाची फाइल तीस दिवसांनी जाते, कागद राहतो. दोन वकिलांनी या शेवटच्या मुद्द्याला हरकत घेतली. एकानं ऐकलं, दुसऱ्याचं काम मी घेतलं नाही.